कागदावर ८२, कानावर ९७

"मॅडम, व्हॉल्व्ह बोंबलतोय," काका फोनवर म्हणाले. मी विचारलं, किती? त्यांनी उत्तर दिलं नाही, फोन व्हॉल्व्हच्या दिशेने धरला असावा. मला वाटलं ट्रक अगदी कानाजवळून चाललाय.

काका म्हणजे आमच्या बॉयलर हाउसचे शिफ्ट ऑपरेटर. मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. व्हॉल्व्ह माझा, म्हणजे डेटाशीट मी भरलेली, साइझिंग मी तपासलेलं, फॅक्टरी टेस्टलाही मीच गेलेले. त्यामुळे तो बोंबलला की फोन मला येतो, आणि ते रास्तच आहे.

व्हॉल्व्हचं काम साधं. १० बारची, ३०० अंशांची वाफ घ्यायची आणि ३ बारवर आणून पुढे द्यायची (दोन्ही अॅब्सोल्यूट). सहा इंची ग्लोब व्हॉल्व्ह, त्यापुढे सहाचा आठ करणारा रिड्यूसर, मग आठ इंची शेड्यूल ४० चा पाइप. फ्लो ताशी १४ टन. आवाज ८५ डीबीएच्या (कानाच्या संवेदनेनुसार मोजलेल्या डेसिबलच्या) आत हवा, असं मीच डेटाशीटवर लिहिलं होतं, म्हणून व्हेंडरने लो-नॉइज ट्रिम, म्हणजे व्हॉल्व्हचे आतले फ्लो अडवणारे भाग, दिली: केजला (वाफ ज्यातून जाते त्या नळकांड्याला) खिडक्यांऐवजी ३ मिलिमीटरची शेकडो भोकं. त्यांच्या हिशोबात आवाज आला ८२. चालू केल्यावर मी मोजला तर ८६. ज्या पद्धतीने हा हिशोब करतात, त्या आयईसी ६०५३४-८-३ या आंतरराष्ट्रीय मानकामध्येच अचूकता अधिक-उणे ५ डेसिबल धरलेली आहे. ४ चा फरक म्हणजे पाचाच्या आत. मी सही केली.

त्या सहीबद्दल पुढे बोलू. आधी हा आवाज येतो कुठून ते सांगते, कारण प्लांटमध्ये वीस-वीस वर्षं काढलेली माणसंही "आतलं काहीतरी सैल झालं असेल" असं म्हणतात. प्लग (वर-खाली होऊन वाट उघडणारं बूच) खडखडणं हा प्रकार असतो, नाही असं नाही, पण वाफेच्या किंवा गॅसच्या व्हॉल्व्हमध्ये सगळं घट्ट असलं तरी तो ओरडतो. ओरडते ती वाफ.

व्हॉल्व्ह प्रेशर पाडतो म्हणजे काय करतो? अरुंद जागेतून वाफ जोरात पळवतो आणि मग तिची ती पळण्याची शक्ती घुसळून वाया घालवतो. १० वरून ३ बारवर येताना प्लग-सीटच्या सर्वांत अरुंद भागात वाफेचा वेग तिथल्या ध्वनिवेगाएवढा होतो, आमच्या वाफेसाठी सेकंदाला साधारण ५४५ मीटर. काकांचा फोन आला तेव्हा फ्लो १४ वरून ताशी २० टनांवर गेला होता (कसा, ते पुढे), म्हणजे सेकंदाला ५.५६ किलो. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, शाळेतलंच सूत्र. उत्तर येतं सव्वाआठशे किलोवॅटच्या आसपास. टिफिनच्या डब्याएवढ्या जागेत आठशे किलोवॅट घुसळले जातायत.

यातला आवाज होतो तो अगदी चिमूटभर. ध्वनिवेगाच्या आसपास दहा हजारांत एक भाग, एवढं धरतात. पण आठशे किलोवॅटचा दहा हजारावा भाग म्हणजे ८० वॅट. मोठ्याने ओरडणाऱ्या माणसाच्या आवाजाची शक्ती असते मिलिवॅटच्या घरात. म्हणजे त्या पाइपच्या आत हजारो माणसं एकदम ओरडतायत, आणि आपण सहन करतोय कारण मध्ये पोलादाची भिंत आहे.

ही भिंतच सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे.

पाइपची भिंत सगळ्या सुरांना सारखी अडवत नाही. घंटेसारखा तिचा स्वतःचा सूर असतो. पोलादात आवाज सेकंदाला ५००० मीटरने जातो, त्याला पाइपच्या आतल्या परिघाने भागलं की रिंग फ्रिक्वेन्सी मिळते. आमच्या आठ इंची पाइपचा आतला व्यास २०२.७ मिलिमीटर, म्हणून ७८५० हर्ट्झ. भिंत सर्वांत जास्त फितूर होते ती मात्र याच्या खाली, जिथे आतल्या वाफेतल्या लहरी आणि भिंतीतल्या लहरी एकमेकींशी जुळतात. रिंग फ्रिक्वेन्सीचा चौथा भाग घ्या, त्याला वाफेतल्या ध्वनिवेगाने गुणा आणि ३४३ ने भागा. आमच्याकडे पुढच्या बाजूला ध्वनिवेग ५७८ धरला तर ३३०० हर्ट्झ. या सुराचा आवाज आत झाला, की तो दरवाजा उघडा असल्यासारखा बाहेर येतो.

आता आवाजाचा सूर कशावर ठरतो? जेटच्या जाडीवर. वेगाला जेटच्या व्यासाने भागायचं आणि ०.२ ने गुणायचं, अंदाज येतो. चार खिडक्यांची साधी केज असती तर आमच्या फ्लोला एकेक जेट साधारण २९ मिलिमीटर जाडीचा धरावा लागला असता. सूर आला असता ३७०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे फितूर दरवाजाच्या अगदी समोर. शिवाय माणसाचा कान तिथेच सर्वांत तिखट. याउलट ३ मिलिमीटरच्या भोकातून येणाऱ्या जेटचा सूर जातो ३६,००० हर्ट्झच्या घरात. तिथे भिंतही भक्कम आणि कानही बहिरा. लो-नॉइज ट्रिमची अर्धीअधिक करामत ही अशी आहे: आवाज कमी करण्याइतकंच तो आपल्याला ऐकू न येणाऱ्या सुरात ढकलणं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा थोडी फसवणूकच वाटली होती. आता आवडतं.

असो. तर काकांचा फोन.

मधल्या काळात प्रोसेसवाल्यांनी त्याच हेडरवर एक नवा हीटर जोडला होता आणि फ्लो १४ वरून २० टनांवर गेला होता. व्हॉल्व्हने तक्रार केली नाही, ८० टक्के उघडून तो २० टन निमूट देत होता. कंट्रोल रूममधून पाहिलं तर सगळं हिरवं. मी मीटर घेऊन गेले. आवाज मोजायची जागा ठरलेली आहे: व्हॉल्व्हच्या आउटलेटपासून पाइपच्या दिशेने पुढे १ मीटर, आणि पाइपच्या पृष्ठभागापासून बाजूला १ मीटर. टेप लावून खडूने जमिनीवर फुली मारली, तिथे उभी राहिले. ९७.

दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, या हिशोबाने ८५ ला आठ तास चालतात तर ९७ ला अर्धा तास. काकांचं टेबल तिथून काचेच्या आड होतं म्हणून, नाहीतर राउंड मारण्यातच त्यांचा दिवसाचा कोटा संपला असता.

मग नेहमीप्रमाणे सगळे जमले. मेंटेनन्सचं म्हणणं, ट्रिम फाटली. सेफ्टीचं म्हणणं, व्हॉल्व्हभोवती पेटी बांधा. मेकॅनिकलचं म्हणणं, लॅगिंग (पाइपवरचं आच्छादन) वाढवा. प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेताना मी ओरडत होते, कारण आम्ही व्हॉल्व्हशेजारीच उभे होतो. या कामात मीटिंगची जागा निवडायची अक्कल कुणालाच नसते.

पेटीची सूचना पहिल्या दहा मिनिटांत बाद झाली. त्यासाठी मी फक्त मीटर हातात धरून पाइपच्या कडेने चालत गेले. १ मीटरवर ९७, १० मीटरवर ९६, २० मीटरवर ९५. मागे व्हॉल्व्हच्या बॉनेटजवळ उलट कमी. बॉडीची भिंत जाड असते, त्यातून फारसं बाहेर पडत नाही. आवाज व्हॉल्व्हमध्ये जन्मतो आणि पाइपमधून प्रवासाला निघतो, वाटेत तो जवळजवळ विरतच नाही, पाइपची सगळी लांबीच भोंगा होते. पाइपपासून आडवं लांब गेलं तरी अंतर दुप्पट केल्यावर ३ डेसिबलच उतरतात, ६ नाही, कारण समोर बिंदू नसून लांबलचक रेघ आहे. अशा पाइपवर व्हॉल्व्हला एकट्याला पेटीत घालणं म्हणजे कर्ण्याचं फक्त फुंकायचं टोक झाकणं.

ट्रिम मात्र उघडून बघितली. सुट्टीच्या दिवशी वाफ बंद मिळाली, केज बाहेर काढली. एक भोक बुजलेलं नाही, एक कडा झिजलेली नाही. मेंटेनन्सचा मुलगा ती उजेडाकडे धरून बघत होता, चाळणीसारखी. "मॅडम, हिला काय झालंय?" काही नाही रे, ठेव परत.

खरा धागा काकांनीच दिला होता आणि माझं लक्ष नव्हतं. दोन दिवस ते म्हणत होते, "आधी सू करायचा, आता घुर्र करतो." मी मनात म्हणत होते, मोठा झाला की तसंच वाटतं. पण नाही. आवाज मोठा होणं वेगळं आणि त्याचा सूर बदलणं वेगळं. ऑक्टेव्ह बँडचा अॅनालायझर (आवाज सुरांच्या पट्ट्यांत वेगळा करून दाखवणारा) मागवून लावला, तर सर्वांत मोठी काठी ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात. ३ मिलिमीटरचं भोक ५०० हर्ट्झचा सूर काढूच शकत नाही. तो काढायला जाडजूड जेट लागतो.

असा जाडजूड जेट आमच्याकडे कुठे होता? व्हॉल्व्हच्या तोंडात.

३ बारला वाफ फुगलेली असते. घनमीटरला जेमतेम १.१७ किलो. सेकंदाला साडेपाच किलो वाफ सहा इंची, म्हणजे १५४ मिलिमीटर व्यासाच्या तोंडातून बाहेर काढायची तर वेग होतो २५६ मीटर. ध्वनिवेग ५७८. मॅक, म्हणजे वेग भागिले ध्वनिवेग, ०.४४. ही वाफ त्या वेगात रिड्यूसरमध्ये शिरते आणि आठ इंचीत मोकळी होते, म्हणजे तिथे दुसरा जेट, दुसरी घुसळण. ०.२ गुणिले २५६ भागिले ०.१५४. ३३२ हर्ट्झ. कॅल्क्युलेटरवर हा आकडा आला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

आउटलेटचा मॅक ०.३ च्या आत ठेवा, हा नियम या क्षेत्रात नव्याने आलेल्या पोरालाही पाठ असतो. आयईसीच्या पद्धतीतही त्याच्या वरचा मॅक असेल तर एक्सपांडरचा (आमच्याकडे तोच तो सहाचा आठ करणारा रिड्यूसर) आवाज वेगळा काढून ट्रिमच्या आवाजात मिळवायचा, असा स्वतंत्र भाग आहे. १४ टनांना आमचा मॅक होता ०.३१. व्हेंडरने "जवळपास ०.३" म्हणून तो भाग सोडून दिला. मी तपासताना शेवटच्या रकान्यातला ८२ बघितला, मॅकचा रकाना बघितला नाही.

आता त्या ८६ कडे परत येते. ट्रिमचे ८२ खरे होते. त्यात रिड्यूसरचे साधारण ८४ मिळाले होते. ८२ आणि ८४ ची बेरीज डेसिबलमध्ये ८६ होते. दुसरा आवाज पहिल्या दिवसापासून तिथे होता, आणि मी त्याला अधिक-उणे ५ च्या चादरीखाली झाकून सही करून मोकळी झाले.

मग फ्लो वाढल्यावर तो एवढा का पेटला? इथे जेम्स लाइटहिल या गणितज्ञाचं काम येतं. जेट विमानांच्या आवाजावर विचार करताना त्याने १९५२ साली दाखवलं की ध्वनिवेगाखालच्या जेटचा आवाज वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. आठव्या! २० भागिले १४, त्याचा आठवा घात, डेसिबलमध्ये साधारण १२. म्हणजे रिड्यूसरचे ८४ झाले ९६. ट्रिममध्ये मात्र वेग आधीच ध्वनिवेगाला टेकलेला, तो वाढणार नव्हता, तिथे फ्लो वाढल्याची दोन-तीन डेसिबलची भर. ९६ आणि ८५, बेरीज साडेशहाण्णवच्या आसपास. खडूच्या फुलीवर मीटरने ९७ दाखवलं होतं.

फ्लो दीडपटही झाला नव्हता हे लक्षात घ्या. प्रोसेसवाल्यांनी मला विचारलं होतं, "२० टनांना व्हॉल्व्ह पुरेल का?" मी सीव्ही (व्हॉल्व्हमधून किती फ्लो जाऊ शकतो तो आकडा) बघून सांगितलं होतं, पुरेल. पुरला. आवाजाचं त्यांनी विचारलं नाही आणि मला सुचलं नाही.

उपाय शोधताना लॅगिंगचा आग्रह सर्वांत चिवट निघाला, कारण ते चालू प्लांटवर करता येतं. पाइपवर उष्णतेसाठी मिनरल वूल आणि अॅल्युमिनियमचं क्लॅडिंग होतंच. त्यावर जड थर चढवून वरच्या सुरांत चांगला फरक पडतो. आमचा सूर खालचा होता. आयएसओ १५६६५ हे पाइपच्या ध्वनिरोधनाचं मानक उघडलं तर खालच्या फ्रिक्वेन्सीला तक्त्यात उणे आकडे दिसतात, म्हणजे गुंडाळल्यावर आवाज वाढतो, कारण क्लॅडिंगचा मोठा पत्रा स्वतःच हलायला लागतो. हा तक्ता मी मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला. मेकॅनिकलच्या साहेबांनी तो उलटा करून, सुलटा करून पाहिला आणि चहा मागवला.

पाइप जाड करणं हाही एक मार्ग. आठ इंचीत शेड्यूल ४० ची भिंत ८.१८ मिलिमीटर, शेड्यूल ८० ची १२.७. त्याने ४ डेसिबल मिळतात, ते पण जिथपर्यंत पाइप बदलाल तिथपर्यंतच. डिफ्यूझर प्लेट घालून थोडं प्रेशर तिच्यावर पाडायचं हेही लोक करतात. पण प्लेटची भोकं ठरलेली असतात, फ्लो निम्मा झाला की तिच्यावरचा ड्रॉप चौथाईवर येतो आणि सगळा भार परत व्हॉल्व्हवर. आमचा फ्लो रात्री ६ टनांपर्यंत उतरतो. बाद.

एक गोष्ट मात्र या निमित्ताने तपासून टाकली, कारण ती कानापेक्षा महत्त्वाची आहे. आवाज गुंडाळता येतो, आतला जोर तसाच राहतो आणि तो पाइपच्या जोडांवर काम करत असतो. मोठा गॅस फ्लो, मोठा प्रेशर ड्रॉप असलेल्या लाइनींवर ब्रँचच्या वेल्डला तडे जातात, असं दाखवणारा कारुची आणि म्युलर यांचा पेपर १९८२ चा. त्यांचं सूत्र सोपं आहे: प्रेशर ड्रॉपला इनलेट प्रेशरने भागून ३.६ चा घात, गुणिले फ्लोचा वर्ग, गुणिले तापमान भागिले रेणुभार याचा १.२ चा घात, त्याचा लॉग घेऊन दहाने गुणायचं आणि १२६.१ मिळवायचे. साधी ट्रिम धरून आमचं उत्तर आलं १५३.५ डेसिबल. प्राथमिक छाननीचा उंबरठा १५५ धरतात, त्याच्या पुढे गेलं की जोड न जोड तपासायचा. आमची ट्रिम लो-नॉइज, त्यामुळे प्रत्यक्षात याहून बरंच कमी. तरी एवढ्या जवळचा आकडा पाहून मी ड्रेनच्या आणि प्रेशर टॅपिंगच्या बारक्या जोडांवरून टॉर्च फिरवून आले.

पाण्याच्या व्हॉल्व्हबद्दल दोन शब्द, कारण नेहमी कुणीतरी विचारतं. तिथलं गणित वेगळं आहे, मानकही वेगळं, ८-४. तिथे पाइपमधून कुणी खडे ओतत असल्यासारखा आवाज आला, की ते कॅव्हिटेशन. पाण्याचे बुडबुडे होऊन फुटतायत. तो आवाज दाबण्याच्या नादी लागू नका, प्लग खाऊन टाकतो तो. तिथे आवाज हे दुखणं नव्हे, लक्षण आहे.

शेवटी आम्ही जे केलं ते अगदीच रुक्ष आहे: आठ इंची बॉडी, आतली ट्रिम त्याच क्षमतेची, रिड्यूस्ड, म्हणजे बॉडीच्या मानाने लहान. रिड्यूसर पुढून काढून व्हॉल्व्हच्या मागे गेला, जिथे वाफ अजून १० बारला आहे, घट्ट आहे आणि सावकाश जाते. आउटलेटचा वेग १४८ मीटर, मॅक ०.२६. बॉडी मोठी म्हणून अॅक्च्युएटर सपोर्ट बदलावा लागला, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळी. नव्या डेटाशीटवर मी दोन रकाने वाढवले आहेत: आउटलेट मॅक, आणि आवाज किमान, नॉर्मल, कमाल अशा तिन्ही फ्लोंना. व्हेंडर कुरकुरतात.

चालू केल्यावर खडूची फुली पुसली गेली होती. परत टेप लावला. २० टनांना ८६. सेफ्टीने विचारलं, ८५ का नाही? मी या वेळी अधिक-उणे ५ हा शब्द तोंडातून काढला नाही. आठ इंची तोंडाचा आवाज वेगळा काढून, ट्रिमच्या आवाजात मिळवून, बेरीज ८६ येते असा कागद त्यांना दिला आणि तेवढ्या पट्ट्यात इयरप्लगची पाटी लावली.

काका खूश आहेत. फक्त परवा रात्री परत फोन आला. फ्लो ६ टनांवर उतरला, व्हॉल्व्ह २२ टक्क्यांवर आला, की तो शीळ घालतो. २१ ला नाही, २४ ला नाही. सरळ एकसुरी शीळ. असले एकसुरी आवाज आयईसीच्या पद्धतीच्या कक्षेतच नाहीत, त्यामुळे कागदावर ती कुठे सापडणार नव्हती. सध्या रात्रीच्या शिफ्टला काका सेटपॉइंट किंचित हलवून व्हॉल्व्ह २२ वर टिकू देत नाहीत. पुढच्या शटडाउनला प्लग बाहेर काढून बघणार आहे. माझा संशय भोकांच्या सर्वांत खालच्या ओळीवर आहे.